पेसमेकरचा डबा नवीन, वायरी जुन्या, एमआरआय करता येईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, निपाणीहून लिहितोय. बाबा ७४ वर्षांचे. दोन महिने झाले, कमरेतनं डाव्या पायात कळ जायल्या आणि आता तर चालताना पायातली चप्पल मागं राहिलेली सुद्धा त्यांना कळत नाही. बेळगावच्या मणक्याच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. सेंटरला गेलो, फॉर्मवर पेसमेकरसमोर टिक केली आणि काउंटरवरच्यानं 'आगल्ल री' (कन्नडमध्ये 'होणार नाही हो') म्हणून कागद परत दिले, पुढं काही ऐकूनच घेतलं नाही.

पेसमेकर २००९ ला बसवला. २०१९ ला बॅटरी संपत आली म्हणून छातीतला डबा बदलला, वायरी त्याच ठेवल्या. नवीन कार्डावर 'एमआर कंडिशनल' (म्हणजे ठराविक अटी पाळून एमआरआय चालतो) लिहिलंय म्हणून आम्ही निवांत होतो. आता हार्टचे डॉक्टर म्हणायलेत की नुसता डबा चालून उपयोग नाही, डबा आणि वायरी दोन्ही कंपनीनं एकत्र तपासलेल्या जोडीतल्या पाहिजेत, कारण मशीनमधल्या रेडिओ लहरी वायर अँटेनासारखी पकडते आणि हृदयाला टेकलेलं तिचं टोक तापू शकतं. काही जुन्या मॉडेलच्या वायरींना नंतर चाचण्या होऊन परवानगी मिळाली म्हणे, म्हणून मॉडेल नंबर पाहिजे. आमचं २००९ चं कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत घड्या पडून पडून नेमकं त्या नंबरवरच पुसलंय!

वाचलं की अमेरिकेत मॅग्नासेफ नावाचा अभ्यास झाला, २०१७ ला छापून आला, त्यात असल्या कंडिशनल नसलेल्या पेसमेकरवाल्यांचे १००० एमआरआय १.५ टेस्ला चुंबकी ताकदीच्या मशीनवर केले, छाती सोडून बाकीच्या भागांचे, आणि त्यात एकही मृत्यू नाही की वायर निकामी नाही. पण आधी-नंतर प्रोग्रामरवर (पेसमेकर बाहेरनं तपासायच्या यंत्रावर) तपासणी आणि स्कॅनभर ईसीजीवर लक्ष, हे सगळं करून. बाबांचे ठोके जवळजवळ पूर्ण पेसमेकरवरच आहेत, म्हणजे स्कॅनपुरता मोड बदलून द्यायला माणूस लागणारच. सीटीत हाड दिसतं पण नस कुठं दबली ते तितकं कळत नाही म्हणतात डॉक्टर.

एकानं सांगितलं, फॉर्मवर लिहूच नका, गुपचूप काढून घ्या. कृपा करून असला सल्ला कुणालाच देऊ नका, जीव जाईल माणसाचा.

बेळगाव, कोल्हापूर नाहीतर हुबळीत कुणी पेसमेकर असताना एमआरआय केलाय का? कंपनीचा इंजिनिअर कोण बोलावतं, सेंटर की हार्टचे डॉक्टर? आणि डब्याच्या सिरियल नंबरवरनं जुन्या वायरीचा मॉडेल नंबर कंपनीकडनं कुणाला मिळालाय का? सोमवारी परत डॉक्टरांकडं जायचंय, त्याच्या आत कळलं तर फार बरं होईल.