मुलुंडला इन्व्हेस्टमेंट म्हणून जुना वन बीएचके घ्यावा का?

घोडबंदरकर:
नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदरला स्वतःच्या घरात राहतो, त्याचं लोन नुकतंच फिटलं. हातात साधारण ५० लाख आहेत, थोड्या एफडी आणि थोडे गावच्या जमिनीच्या वाटणीचे. बायकोचं म्हणणं, बँकेत पडून राहण्यापेक्षा दुसरं घर घेऊन टाकू, पुढे मुलाला होईल. मुलुंड ईस्टला एक वन बीएचके बघितलाय, ३८५ स्क्वेअर फूट कार्पेट (भिंतींच्या आतली जागा), १९८४ ची बिल्डिंग, लिफ्ट नाही, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मालक १ कोटी ५ लाखांवर अडून बसलाय. भाडं २६ हजार येईल म्हणे. बाथरूमच्या स्लॅबचे पोपडे पडलेत, आतली सळई दिसते, ते दाखवलं तर एजंट म्हणतो साहेब तुम्ही स्लॅब काय बघताय, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे, दोन बिल्डर येऊन मापं घेऊन गेले, पाच वर्षांत नवाकोरा टू बीएचके. ६५ लाख लोन काढावं लागेल. घ्यावा का?

हिशोबी_माणूस:
आधी आकडे मांडू मग भावना. १ कोटी ५ लाखांवर मुंबईत ६ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे ६ लाख ३० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, एजंटचा १ टक्का धरला तर लाखभर, सोसायटीची ट्रान्सफर फी २५ हजारांपर्यंत, आणि तो स्लॅब, प्लंबिंग, रंग वगैरे तीनेक लाख. म्हणजे फ्लॅट पडला १ कोटी १६ लाखांना.

आता भाडं. दर वर्षी बारा महिने भाडं येतं हे फक्त एजंटच्या डोक्यात असतं, भाडेकरू बदलला की घर रिकामं राहतं, त्यामुळे अकराच महिने धरा, २ लाख ८६ हजार. त्यातून मेंटेनन्स आणि नॉन-ऑक्युपन्सी (घर भाड्याने दिलं की सोसायटी जादा घेते ते) मिळून वर्षाला ४० हजारांच्या आसपास, किरकोळ दुरुस्ती आणि ब्रोकरेज १५ हजार. (५०० फुटांच्या आतला आहे म्हणून बीएमसीचा प्रॉपर्टी टॅक्स माफ, तेवढं बरं.) हातात २ लाख ३० हजार, म्हणजे जेमतेम २ टक्के. ६५ लाखांचा ८ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ५४ हजारांच्या वर जातो आणि सुरुवातीला त्यातले ४३ हजार नुसतं व्याज. म्हणजे भाडं धरूनही महिन्याला ३५ हजार खिशातून. आणि नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर भाड्याच्या वर गेलेल्या व्याजाचा तोटा टॅक्ससाठी पगारातून वजा पण होत नाही. तेव्हा भाड्यासाठी घर घेतोय असं स्वतःला सांगू नका, तुम्ही फक्त भाव वाढेल यावर पैसे लावताय.

दादरचे_काका:
हे असले हिशोब मी ८५ सालापासून ऐकतोय. तेव्हापण भाडं हप्त्याला पुरत नव्हतं, आजही पुरत नाही, पण ज्यांनी पोटाला चिमटा काढून खोली घेतली त्यांची पोरं आज मुंबईत आहेत आणि हिशोब करत बसलेले विरारच्या पुढे गेले. म्युच्युअल फंडाची एसआयपी म्हणाल तर मार्केट पडलं की पहिला फोन बायकोचा येतो, काढून घ्या म्हणून. फ्लॅटचा भाव रोज मोबाईलवर दिसत नाही हाच त्याचा मोठा गुण. फक्त लोन कमी करा आणि भावात घासाघीस करा, दिवाळीआधी मालकाला पैसे हवे असतात.

ट्रान्झिटमध्ये_अडकलेला:
काकांशी अर्धा सहमत. पण इथे प्रश्न वेगळाच आहे, हा माणूस घर घेत नाहीये, रीडेव्हलपमेंटचं तिकीट घेतोय आणि ते ब्लॅकने घेतोय. जाणार-जाणार म्हणून मालकाने पुढचा फायदा आजच भावात लावलाय.

आमची घाटकोपरची बिल्डिंग पाडली तेव्हा सगळे खुशीत होते. मग फनेल झोनमुळे (विमानांच्या उतरायच्या वाटेखालचा भाग) उंची मिळेना, बिल्डरचे मजले कमी झाले, त्याचं गणित बिघडलं आणि नवीन घर होईपर्यंत बिल्डर देतो ते आमचं भाडं यायचं थांबलं. म्हाताऱ्या आईला घेऊन भाड्याच्या घरात आहोत, खिशातून भरतोय. तुमच्यावर वर लोनचा हप्ता असेल, तो बिल्डर थांबला म्हणून थांबत नाही.

बिल्डर मापं घेऊन गेला याला काडीची किंमत नाही, मापं घ्यायला टेप लागतो फक्त. टोकन द्यायच्या आधी सेक्रेटरीला गाठा आणि विचारा: कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करणं) झालंय का, प्रॉपर्टी कार्डवर सोसायटीचं नाव आहे का? नसेल तर जमीन अजून जुन्या मालकाच्या नावावर आणि बाकी सगळं हवेत. पीएमसी (सोसायटीच्या बाजूने प्रोजेक्ट बघणारा सल्लागार) नेमला का, फिजिबिलिटी रिपोर्ट (रीडेव्हलपमेंट परवडेल का याचा) आहे का, जनरल बॉडीच्या मिनिट्समध्ये काय लिहिलंय. आता ५१ टक्के मेंबरांची संमती पुरते पण कोर्टात जायला एकच मेंबर पुरतो. समोरचा रस्ता किती रुंद आहे तेही बघा, गल्ली अरुंद असेल तर एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते) कमी मिळतो. ३० वर्षांच्या वरची बिल्डिंग आहे तर स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असायला हवं, तो रिपोर्ट मागा, बँकसुद्धा मागेल.

आणि टू बीएचकेचं काय घेऊन बसलाय, ३८५ वर ३५ टक्के जास्त मिळाले असं धरलं तरी ५२० होतात. नकाशावर टू बीएचके, दुसऱ्या बेडरूममध्ये पलंग टाकला की कपाटाचं दार उघडत नाही. ५०० च्या वर गेलात की टॅक्सची माफी गेली आणि टॉवरचा मेंटेनन्स निराळाच.

कोथरूडची_सई:
बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलात तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, म्हणजे लाखाच्या वर वाचतात. जॉइंट नावावर मिळत नाही हं.

हिशोबी_माणूस:
@सई बरोबर, पण पैसे नवऱ्याचे असतील तर भाडं टॅक्ससाठी नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. शिवाय लोन त्याच्या पगारावर असेल तर मालकी आणि हप्ता दोन वेगळ्या नावांवर, ते आधी सीएला विचारून घ्या. आणि ५० लाखांच्या वरचा व्यवहार आहे, मालकाला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. तो विसरलात तर नोटीस तुम्हाला येते, मालकाला नाही.

घोडबंदरकर:
सगळ्यांचे आभार. काल सेक्रेटरींना भेटलो. भला माणूस आहे, चहा पाजला, फाईल पण काढली. कन्व्हेयन्स नाही. डीम्ड कन्व्हेयन्सचं (जुना मालक सही देत नसेल तर सरकारकडून करून घेतात ते) काम चालू आहे म्हणाले पण अर्जाचा कागद फाईलमध्ये सापडेना. पीएमसी वगैरे काही नेमलेला नाही, बिल्डर आला होता तो एका मेंबरचा मेहुणा होता. हे एजंटला सांगितलं तर संध्याकाळी त्याचा फोन, मालक ९८ ला तयार आहे, दोन दिवसांत टोकन द्या. आता बायको म्हणते सात लाख कमी झाले, घेऊन टाकू.

ट्रान्झिटमध्ये_अडकलेला:
एका फोनवर सात लाख उतरले ना, मग अजून उतरतील. दोन दिवसांची घाई त्याला आहे, तुम्हाला नाही. डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज डीडीआरकडे (सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक) जातो, खरंच केला असेल तर त्याला नंबर असेल, तो मागा. नंबर नाही म्हणाले तर ही पडकी बिल्डिंग पडकीच राहणार असं समजून किंमत ठरवा. माझ्या मते तशी ती ८५ च्या वर जात नाही. आणि तो भाव मालकाला वहिनींसमोरच सांगा.

दादरचे_काका:
८५ ला मिळाला तर मला पण कळवा.