‘द लो एंड थिअरी’ ऐकताना नेमके कशाकडे लक्ष द्यावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातल्या ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या हिप हॉप गटाचा १९९० सालचा पहिला अल्बम मी गेल्या वर्षी ऐकला आणि त्यातला मोकळेपणा, रॉक गायक लू रीडच्या गाण्यावरून उचललेला तो डुलता बेस (खालच्या सुरांची साथ), मधूनच डोकावणारा खट्याळपणा हे सारे मला मनापासून आवडले. त्यामुळे १९९१ साली आलेला त्यांचा दुसरा अल्बम, ‘द लो एंड थिअरी’, मी मोठ्या अपेक्षेने लावला. जाणकार याला पहिल्यापेक्षा वरचा मानतात आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२२ साली राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात याची निवड केली, हेही वाचले होते. परंतु चार वेळा ऐकूनही मला तो कोरडा वाटतो. ढोल वाजतात, माणसे बोलतात आणि या दोहोंच्या मध्ये काहीच नाही असे भासते. माझे काही चुकते आहे का, हे कृपया सांगावे.

खर्ज

आधी एक विचारतो: आपण हा अल्बम कशावर ऐकत आहात? मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकत असाल, तर अर्धा अल्बम आपल्यापर्यंत पोहोचलेलाच नाही. डबल बेस या मोठ्या तंतुवाद्याची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर बोलते आणि मोबाइलच्या स्पीकरचा तो नखाएवढा पडदा काही शे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. तबलजीच्या पुढ्यातून डग्गा उचलून न्यावा आणि नुसत्या चाटेवर ठेका ऐकावा, तसे हे झाले. बोल कळतात, पण घुमारा नाही.

मी नाटकांना ध्वनिसंयोजन करतो, त्यामुळे या अल्बमविषयी मला जरा जास्तच माया आहे. त्याच्या नावातच खालचा भाग आहे. एका अर्थी तो ध्वनीचा खर्ज आहे आणि दुसऱ्या अर्थी अमेरिकी समाजात कृष्णवर्णीय पुरुषाला दिली गेलेली तळाची जागा. हे दोन्ही अर्थ गटाला अभिप्रेत होते. पहिल्या अल्बममध्ये गिटार, सतार, गप्पा, हसणे असे पुष्कळ सामान होते. इथे ते आवरून ठेवले आहे आणि मधली जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे, कारण ती बेसने भरायची आहे. ध्वनिमुद्रणतज्ज्ञ बॉब पॉवर यांनी जुन्या तबकड्यांवरून उचललेल्या तुकड्यांची खरखर कमी करून, प्रत्येक आवाजाला त्याची जागा देऊन हे काम इतके स्वच्छ केले आहे की आजही नवे स्पीकर लावले की मी पहिल्यांदा यातलेच गाणे वाजवून पाहतो.

कान झाकणारे हेडफोन घ्या किंवा कुणाकडे मोठे स्पीकर असतील तर त्यांच्याकडे जा, आणि पहिले गाणे, ‘एक्स्कर्शन्स’, लावा. सुरुवातीला ढोल नाहीत, फक्त बेस आहे, आणि त्यावर गटातला रॅपर क्यू-टिप वडिलांची आठवण सांगू लागतो: मुलाची गाणी ऐकून ते म्हणायचे की हे मला बीबॉपसारखे, म्हणजे त्यांच्या काळच्या जॅझसारखे, वाटते. दोन पिढ्यांचे संगीत एकाच वंशाचे आहे, हे या गटाने अल्बमच्या उंबरठ्यावरच सांगून टाकले आहे.

पावसाळी दुपार

खर्ज यांच्याशी मी बराचसा सहमत आहे. संपूर्ण अल्बमभर रॉन कार्टर यांच्यासारखा, जॅझमधल्या माइल्स डेव्हिसबरोबर वाजवलेला थोर वादक बेस वाजवत असल्यामुळेच त्याला ते वजन आले आहे. तरीही मला स्वतःला पहिलाच अल्बम अधिक जवळचा वाटतो. ‘रॅप प्रमोटर’ आणि ‘शो बिझनेस’ या गाण्यांतली धंद्याविषयीची तक्रार खरी असली तरी ती त्या काळाच्या करारमदारांशी बांधलेली आहे, आणि पहिल्या अल्बममधली भटकंती मला त्यापेक्षा ताजी वाटते. तेव्हा कृष्णाकाठ यांनी दुसरा अल्बम आवडलाच पाहिजे असे दडपण घेऊ नये.

खर्ज

एक दुरुस्ती करतो, कारण हा गैरसमज फार ठिकाणी दिसतो. रॉन कार्टर संपूर्ण अल्बमवर नाहीत. ते ‘व्हर्सेस फ्रॉम द अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ या एकाच गाण्यात प्रत्यक्ष वाजवतात, आणि गाण्यात शिवीगाळ नसावी ही त्यांची अट होती. बाकी ठिकाणचा बेस मुख्यतः जुन्या ध्वनिमुद्रणांतून घडवलेला आहे. ‘एक्स्कर्शन्स’चा बेस जॅझ ड्रमवादक आर्ट ब्लेकी यांच्या ‘अ चँट फॉर बू’मधला आहे. मूळ रचना तिनाच्या चालीत आहे. क्यू-टिपने त्या तुकड्याला एका मात्रेची जोड देऊन तो चाराच्या चालीत बसवला. नुसता तुकडा उचलणे आणि त्याला नवा ताल देणे यांत जे अंतर आहे, ते या एका उदाहरणात स्पष्ट कळते.

गोदातीर

बेसविषयी वर उत्तम लिहिले गेले आहे, पण हा दुसरा अल्बम ज्याच्यामुळे उभा राहिला त्या फाइफ डॉगचे, गटातल्या दुसऱ्या रॅपरचे, नावही अजून निघालेले नाही. पहिल्या अल्बममध्ये तो मोजक्याच गाण्यांत आहे. तेव्हा त्याचे मन पुरते या कामात नव्हते, हे त्याने स्वतः पुढे सांगितले. दुसऱ्या अल्बमच्या दुसऱ्याच गाण्यात, ‘बगिन आउट’मध्ये, तो पहिला बोलतो आणि तिथून पुढे तो बरोबरीचा भागीदार आहे, ‘बटर’ हे गाणे तर त्याच्या एकट्याचे आहे. क्यू-टिपचा आवाज मऊ, किंचित नाकातला, आणि फाइफचा चढा, रोखठोक, त्रिनिदादी घरातले वळण असलेला.

‘चेक द ऱ्हाइम’ लक्ष देऊन ऐका. एकाने विचारायचे, तयार आहेस ना, आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. आपल्या तमाशातल्या सवाल-जवाबाची आठवण होते, पण इथे कुणाला हरवायचे नाही; बालपणापासूनचे दोन मित्र एकमेकांचे वाक्य उचलून धरतात. या गाण्याची चित्रफीत त्यांच्याच मोहल्ल्यात, लिंडन बुलेव्हार्डवरच्या कपडे धुऊन देणाऱ्या दुकानाच्या छतावर चित्रित झाली. फाइफ मधुमेहाच्या गुंतागुंतीमुळे २०१६ च्या मार्चमध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी गेला. त्यानंतर मला हा प्रश्न आणि हे उत्तर पूर्वीसारखे सहज ऐकता आलेले नाही.

शेवटचे ‘सिनॅरियो’ मात्र आधी ऐकू नका. त्यात ‘लीडर्स ऑफ द न्यू स्कूल’ या गटाची मंडळी येतात आणि त्यांच्यातला बस्टा ऱ्हाइम्स शेवटी असा काही गरजतो की मागचे सगळे विसरायला होते. तेरा गाण्यांचा संयम आधी अंगात मुरू द्यावा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. खर्ज यांचा तर्क बरोबर होता. मी बसच्या प्रवासात मोबाइलच्या स्पीकरवरच, तोही आवाज अगदी कमी ठेवून, ऐकत होतो. काल संध्याकाळी मामांच्या घरी त्यांच्या जुन्या मोठ्या स्पीकरवर ‘एक्स्कर्शन्स’ लावले, तेव्हा पहिल्या चार-पाच सुरांतच कपाटाची काच बारीक थरथरू लागली. मामा आयुष्यभर भजनी मंडळात पखवाज वाजवत आले आहेत. त्यांना शब्द समजले नाहीत, पण ढोल येईपर्यंत त्यांनी मांडीवर ताल धरला होता.

मग त्यांनाच मूळ ‘अ चँट फॉर बू’ ऐकवले. ते थोडा वेळ बोटांवर मोजत राहिले, पुन्हा ‘एक्स्कर्शन्स’ लावायला सांगितले, आणि जोडलेली मात्रा येताच त्यांनी बोट वर केले.