पिंडारी ट्रिप: फुरकियाला गीझर आहे का?

संध्या नाईक, बी-302: नमस्कार. कालपासून विचारतेय, कोणी उत्तर देत नाही. उत्तराखंडातल्या पिंडारी हिमनदीच्या वाटेवरचा शेवटचा मुक्काम फुरकिया, तिथे गीझर आहे की नाही? पैसे घेताना 'रेस्ट हाऊस' सांगितलं होतं. बरोबर मुलं आहेत. आंबोलीला झालं ते परत नको.

शिरोडकर काका, ए-101: संध्याबाय, गीझर नाही. बादलीभर पाणी तापवून मिळतं, तेही चौकीदाराला आधी सांगितलं तर. रात्री पाईप गोठतो, नळ सकाळी कोरडा. म्हणून संध्याकाळीच बादल्या भरून आत ठेवायच्या. अंघोळ खालच्या खाती गावातच उरकावी, वर फक्त हात-तोंड.

मंगेश, सी-103: आगाऊ दिलेले पैसे परत मिळणार का?

उल्हासबाब, सी-204: आंबोलीचा विषय इथे नको, त्यावर मीटिंग झाली आहे. आणि हे हॉटेल नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात टपालाच्या वाटांवर मजलेमजलेला डाक बंगले बांधले गेले, त्याच पद्धतीचे हे पिंडारीच्या वाटेवरचे बंगले. लोहारखेत, धाकुडी, खाती, द्वाली, फुरकिया. एक दिवसाची चाल, मग एक छप्पर. डाक बंगल्याचा जुना नियम असा की 24 तास झाले आणि नवा वाटसरू आला, तर आधीच्याने खोली सोडायची. अधिकारी असो वा व्यापारी.

प्रज्ञा, बी-101: मग जेवण?

उल्हासबाब, सी-204: पूर्वी पाहुणा दिसला की खानसामा, म्हणजे तिथला स्वयंपाकी, आवारातली कोंबडी पकडायचा, तासाभरात ताटात. आता डाळ, भात, पोळी, बटाटा. खच्चरावरून (खेचरावरून) वर येईल तेवढंच शिजणार.

दामोदर, ए-302: कोंबडी नाही तर सुके बांगडे नेऊया 😄 आणि काजू फेणी, थंडीला औषध.

शिरोडकर काका, ए-101: दामू, फेणी नको. दारूने त्वचेतल्या शिरा रुंदावतात, ऊब वाटते पण अंगातली उष्णता बाहेर जाते. उंचीवर झोपेत श्वास आधीच मंदावतो, त्यात ही भर. बांगडे न्या, पण घट्ट बंद डब्यात. डॉर्मिटरीत सगळ्यांचीच पांघरुणं असतात.

दामोदर, ए-302: सी विंगवाल्यांच्या टाकीच्या वासापेक्षा बांगडे बरे.

उल्हासबाब, सी-204: टाकी धुवून झाली आहे. फोटो वर टाकला होता, बघायचं असेल तर.

मंगेश, सी-103: आगाऊ पैशांचं विचारलं होतं.

प्रज्ञा, बी-101: काका, राजमा चालेल ना? मुलांना आवडतो.

शिरोडकर काका, ए-101: रात्रभर भिजवलेला आणि कुकर असेल तरच. फुरकिया साधारण 3,260 मीटरवर. पाणी 89 अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तास-तास ठेवा, दाणा कच्चाच राहणार आणि गॅस संपणार. मसूर किंवा मूगडाळ बरी. आदल्या मुक्कामावरून खाली-वर जाणाऱ्या खच्चरवाल्याबरोबर निरोप धाडा: 'अकरा माणसं, चार वाजता.' निरोप पोचला तर डाळ वेळेवर चढते. न सांगता अंधारात पोचलात तर चौकीदाराचा राग धरू नका.

संध्या नाईक, बी-302: खोलीत सिगडी मिळेल का? मुलं गारठतील.

उल्हासबाब, सी-204: संध्याबाय, हे कोणीही करू नये. बंद खोलीत निखारे ठेवून झोपलं की कार्बन मोनॉक्साइड साचतो. वास येत नाही, डोकं जड होतं, माणूस उठत नाही. धुराड्याची शेगडी असेल तिथेही आधी धूर वर ओढला जातो का ते बघा. ओलं लाकूड असेल तर धूर आत येतो. झोपण्यापूर्वी विझवा, एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. मुलांना रजईत गरम पाण्याची बाटली द्या.

दामोदर, ए-302: खोलीवर इतकं चाललंय, हिमनदी बघायची की नाही?

शिरोडकर काका, ए-101: बघायची. खाती ते द्वाली 11 किमी, द्वाली ते फुरकिया 5, पुढे झीरो पॉइंट, म्हणजे हिमनदी बघायची जागा, 7. फुरकियाहून पहाटे पाचला निघा, नऊ-दहानंतर ढग चढतात. त्याच दिवशी द्वालीला उतरा. काठावर फोटोसाठी जायचं नाही, कडा खचते आहे आणि हिमनदी मागे सरली आहे. तिथूनच वर कुमाऊंचे ब्रिटिश कमिशनर ट्रेल साहेब 1830 मध्ये खिंड ओलांडून गेले. खिंडीला नाव त्यांचं पडलं, वाट दाखवली ती सुपी गावच्या मलक सिंह यांनी. आजही त्या वाटेवर तुमची चूल पेटवणारा स्थानिकच असतो, एवढं ध्यानात ठेवून बोला.

प्रज्ञा, बी-101: 🙏 मुलांना डोकेदुखी झाली तर?

शिरोडकर काका, ए-101: वाढत असेल तर त्या क्षणी खाली. आपण समुद्रसपाटीवरचे, शरीराला वेळ लागतो. म्हणून द्वालीला एक रात्र जास्त ठेवली आहे, ती कोणी कापायची नाही.

उल्हासबाब, सी-204: रोख पैसे खाली बागेश्वर शहरातच काढा, वर यूपीआयच्या भरवशावर राहू नका. पॉवर बँक रात्री पांघरुणात घ्या, थंडीत चार्ज उतरतो.

मंगेश, सी-103: तिसऱ्यांदा विचारतोय. आगाऊ पैसे?

शिरोडकर काका, ए-101: मंगेश, खच्चर ठरलं नाही तोवर पूर्ण परत. ठरल्यावर खच्चरवाल्याचा वाटा कापून. रविवारपर्यंत सांग.

संध्या नाईक, बी-302: ठीक आहे. आमची चार माणसं पक्की. मुलांसाठी लोकरी टोप्या फोंड्यात कुठे मिळतील?