विषय: पुन्हा तेच – दसऱ्याचा कार्यक्रम आणि बावीस प्रतिज्ञा

प्रेषक: काकू, धरमपेठ

नमस्कार मंडळी,

यंदा एकाच हॉलमध्ये सकाळी सरस्वतीपूजन अन् सोनं वाटणं, दुपारी धम्मचक्र प्रवर्तन दिन. हरकत नाही, नागपूरकराचा दसरा या दोन्हींशिवाय पुरा होत नाही. पण बाबासाहेबांनी बौद्ध धम्माच्या दीक्षेवेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा माईकवरून म्हणणार म्हणे. पहिल्या तीनच बघा: ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती, कुणालाच देव मानणार नाही. तासाभरापूर्वी ज्यांनी आरती म्हटली, त्यांच्या तोंडावर हे?

त्यात एकानं लिहिलं, ‘बाबासाहेबांनी नागपूर निवडलं ते संघाला खिजवायला’. त्यावर मी लिहिलं, ‘बुद्ध विष्णूचाच अवतार, मग भांडता काहून?’ तर पंचवीस मेल माझ्याच अंगावर. धर्माचा विषयच बंद करा, असं माझं मत.

*

प्रेषक: भाऊ, सीताबर्डी

काकू, बंद नका करू. तीन निराळ्या गोष्टी एका कढईत पडल्या आहेत, एवढंच.

नागपूर का निवडलं, हा इतिहासाचा प्रश्न; तिथे कागद बोलतो. दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, त्या वर्षीच्या दसऱ्याची. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी हा आक्षेप स्वतःच घेतला आणि खोडला. संघ इथे आहे म्हणून नव्हे, तर बौद्ध धर्माचा प्रसार करणारे नाग लोक या भागातले म्हणून नागपूर, असं त्यांनी सांगितलं. नागांबद्दलची ती मांडणी तपासायची तर खुशाल तपासा. पण हेतू काय होता हे माणूस स्वतः सांगून गेला असताना आपण त्याच्या मनात कशाला शिरायचं? अशा वेळी भाषणातला तेवढा उतारा तारखेसह टाकायचा अन् थांबायचं. सोबत एक विशेषण चिकटवलं की लोक उतारा सोडून त्या विशेषणाशीच भांडत बसतात.

अवताराचं तुमचं वाक्य मात्र एक नाही, तीन आहेत. पुराणांत बुद्ध अवतार म्हणून येतो, हे खरंच आहे. भागवताच्या पहिल्या स्कंधात आहे, जयदेवाच्या दशावतारातही आहे. तो खरोखर विष्णूचा अवतार होता, ही श्रद्धा. तिला पुरावा मागूही नये, देऊही नये. आणि बौद्धांनाही ते मान्य असायला हवं, हे तिसरं. गाडी इथे घसरते. भागवतात हा अवतार येतो तो देवांच्या वैऱ्यांना मोहात पाडायला. म्हणजे ‘तुमचे बुद्ध आमचेच’ असं आपण मायेनं म्हणतो, पण समोरच्याला ऐकू येतं ‘तुमचा गुरू भुलवायला आला होता’. पाचवी प्रतिज्ञा नेमकी याच प्रचाराला खोटा म्हणते. ती उगीच नाही आली.

न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार आहेत: वाद, जल्प, वितंडा. वाद खरं काय ते ठरवायला, जल्प जिंकायला. वितंडेत स्वतःचं काहीच मांडायचं नसतं, नुसतं दुसऱ्याचं पाडायचं. आपल्या पंचवीस मेलपैकी निम्म्या वितंडेच्या. जल्पातली हत्यारं म्हणजे छल, समोरच्याच्या शब्दांचा भलताच अर्थ काढणं. त्यातला उपचारछल आपल्याकडे फार चालतो: लाक्षणिक बोलणं शब्दशः धरायचं. पोळ्याच्या पाडव्याला मारबतीचा पुतळा मिरवताना ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी देणाऱ्याला ‘मग डेंग्यू कसा राहिला?’ विचारणं हा तोच प्रकार. हां, काळी मारबत भोसल्यांच्या राणी बाकाबाईवरून निघाली असं कुणी म्हणालं, तर जरूर विचारा की कशावरून. मिरवणूक तीच, पण दोन वाक्यांची जात वेगळी.

उत्तर लिहिण्याआधी समोरच्याचं वाक्य अख्खं उचला, अर्धं नाही. मग ते आपल्या शब्दांत लिहून विचारा, ‘हेच म्हणायचंय ना?’ त्याचा ‘हो’ आला की मगच हरकत घ्या. हा ‘हो’ न घेता लिहिलेलं उत्तर बहुतेक वेळा भलत्याच माणसाला जातं.

आणि प्रतिज्ञा. त्या ‘मी’नं चालतात, ‘तुम्ही’नं नाही. म्हणणारा स्वतःला बांधून घेतो, ऐकणाऱ्याचा न्याय करत नाही.

*

प्रेषक: ताई, इंदोरा

भाऊ, बाकी सगळं कबूल, शेवटचं नाही. एकोणिसावी प्रतिज्ञा वाचा. तिच्यात ‘मी’ आहेच, पण सोडलेला धर्म माणसाच्या उत्कर्षाला मारक आणि माणसाला असमान मानणारा होता, हेही आहे. तो निवाडाच आहे आणि आम्ही तो जाणूनबुजून उच्चारतो. तुम्ही आम्हाला सांभाळून घ्यायला तो मऊ करून राहिले. नका करू. काकूंना तो खटकला हे त्यांनी समजून वाचल्याचं लक्षण आहे.

‘धम्म म्हणजे धर्मच की’ हेही तुमच्या त्या छलांच्या यादीत टाका. बाबासाहेबांनी हे दोन शब्द जाणून वेगळे ठेवले.

माझी सूचना अशी. प्रतिज्ञांआधी निवेदकानं एकच वाक्य बोलावं: ‘ज्यांना घ्यायच्या आहेत त्यांनी उभं राहून म्हणाव्यात, बाकीच्यांनी बसून ऐकावं.’ आरतीआधीही हेच वाक्य, शब्द न बदलता. कोण उठलं, कोण बसलं, याची चौकशी चहाच्या टेबलावर करायची नाही. आणि ज्यांना दोन्ही एका दिवशी नको, त्यांना १४ ऑक्टोबर मोकळा आहे. तिथीनं दसरा २०२४ ला १२ ऑक्टोबरला आला, २०२५ ला २ ऑक्टोबरला. दीक्षाभूमीवर लोक दोन्ही दिवशी येतात.

*

प्रेषक: काकू, धरमपेठ

ताई, एकोणिसावी मला पटत नाही, पुढेही पटायची नाही. पण ती गाळून वाचा असं आता म्हणणार नाही. निवेदनाचं वाक्य छान आहे, दोन्हीकडे ठेवा. मी बसून ऐकेन.

माझं वाक्य दुरुस्त करून देते: ‘आमच्या पुराणांत बुद्धाला विष्णूचा अवतार म्हटलं आहे आणि मी तसं मानते, बौद्ध तसं मानत नाहीत.’ ताई, हेच ना? तुमचा ‘हो’ आला की जुनी मेल मागे घेतली असं समजा.

सांबारवडी मी करते. सांबार, म्हणजे कोथिंबीर, दोन किलो तरी लागेल, कुणीतरी आदल्या दिवशी आणून द्या.