धंदेवाला माणूस नगराध्यक्ष झाला तं शहर सुधरते का? (ब्लूमबर्गबद्दल)

पऱ्हाटीवाला:
आमच्या इकडं एक जिनिंगवाले शेठ नगराध्यक्षाले उभे राहाची तयारी करून राहिले. त्यायची पोट्टी टपरीवर सांगत फिरते का न्यूयॉर्कचा महापौर ब्लूमबर्गबी धंदेवालाच होता, पगार न घेता शहर सुधरवलं म्हणे. खरं हाये का हे? व्हॉट्सॲपचं ज्ञान नका देऊ, माहीत असन तं सांगा.

आर्वीकर:
पगाराचं खरं आहे, वर्षाला १ डॉलर घ्यायचा. पण माणूस काही बापजाद्याचा शेठ नव्हता, वडील डेअरीत हिशोब लिहायचे. जॉन्स हॉपकिन्समधून इंजिनिअर झाला, मग हार्वर्डचं एमबीए, मग सॉलोमन ब्रदर्स या शेअर-रोख्यांच्या धंद्यातल्या कंपनीत नोकरी. १९८१ मध्ये ती कंपनी विकल्या गेली अन् याला काढलं, पण पार्टनर होता म्हणून १ कोटी डॉलर हातात पडले अन् त्यातून स्वतःचा धंदा टाकला. धंदा काय तर रोख्यांचे भाव अन् आकडे दलालाच्या टेबलावरच्या स्क्रीनवर दाखवायचे आणि त्याचं भाडं घ्यायचं. आपण मार्केट यार्डात हर्रास होईपर्यंत भावाची वाट पाहत बसतो, यानं भावाची माहितीच विकली! २००१ च्या निवडणुकीत घरचे ७ कोटींवर डॉलर लावले, २००२ ते २०१३ महापौर होता.

बेसरमाचं झाड:
अर्धीच गोठ सांगून राहिले भाऊ तुम्ही. तिथं दोनच टर्मचा नियम होता, यानं २००८ मधी कौन्सिलकडून तो बदलून घेतला, २९ विरुद्ध २२ मतानं, अन् तिसऱ्यांदा बसला. पोलीस रस्त्यानं जाणाऱ्या काळ्या पोट्ट्यायले थांबवून झडत्या घेत होते, २०१३ मधी कोर्टानं ते घटनेच्या विरुद्ध ठरवलं, तरी हा आपलंच खरं करे. माफी मांगतली २०१९ मधी, राष्ट्राध्यक्षाचे डोहाळे लागले तवा. त्यातबी १०० कोटी डॉलरच्या आसपास उडवले अन् पक्षाच्या उमेदवारीच्या मतदानात जिंकलं काय तं एकटं अमेरिकन सामोआ, समुद्रातली चिमुकली बेटं 😂

आर्वीकर:
ते आहेच. पण ३११ नंबरवर कोणतीही तक्रार घ्यायची सोय, २००३ मध्ये बार-हॉटेलात सिगारेट बंद, हे त्याच्याच काळातलं. मला वाटते तुलनाच चुकते. तिथल्या महापौराच्या हातात पोलीस, बजेट, अन् २००२ पासून शाळासुद्धा. आपल्याकडं नगराध्यक्ष थेट जनतेतून आला तरी पोलीस एसपीचे, अन् कारभार मुख्याधिकाऱ्याच्या सहीनं चालते. नागपूरच्या महापौराचं तरी काय वेगळं, अडीच वर्षं खुर्ची अन् खरा कारभार आयुक्ताकडं. शेठ कितीही हुशार असो, करणार किती?

पऱ्हाटीवाला:
अन् महापौर असताना त्याची कंपनी कोण चालवे?

आर्वीकर:
रोजचा कारभार दुसऱ्यांकडं होता, मालकी मात्र त्याचीच. त्यावरून तिथंही बोंब झालीच होती.

पऱ्हाटीवाला:
आमच्या शेठचा तं साळाच नगरपरिषदेचा ठेकेदार हाये. नालीचं बिल कोण पास करन मंग?

बेसरमाचं झाड:
भाऊजी 😂