मदत हवी आहे: आगमनकाळाच्या चक्रासाठी घरी मेणबत्त्या, वातीभोवती खड्डा पडतो

निर्मळकाठ:

नमस्कार मंडळी. यंदा नाताळच्या आधीचं आगमनकाळाचं चक्र पूर्णपणे घरच्या मेणबत्त्यांनी सजवायचं आमच्या घरात ठरलं आहे. ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते: हिरव्या फांद्यांच्या गोल चक्रावर नाताळच्या आधीच्या चार रविवारी एकेक वाढवत चार मेणबत्त्या पेटवतात. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी, कारण तो आनंदाचा रविवार. काही घरांत मधोमध पांढरी असते, ती नाताळच्या रात्री लावायची. आमच्याकडे वसईत सुरूच्या फांद्या सहज मिळतात, त्यामुळे चक्राची हिरवाई तीच.

पॅराफिन मेण विकत आणलं आहे. शिवाय २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत लावायला आणलेल्या बारीक पांढऱ्या मेणबत्त्या बऱ्याच उरल्यात, त्याही वितळवल्या आणि त्यांचीच वात वापरली. साचा म्हणून स्टीलचा सरळ पेला, साधारण ५ सेंटिमीटर रुंद. रंगासाठी मुलांचे मेणखडू.

मेणबत्ती पेल्यातून सुटते छान, पण तीन गोष्टी अडतात. गार होताना वातीभोवती खोल खड्डा पडतो. पेटवल्यावर मधलंच मेण वितळत खाली जातं, कडा तशाच उभ्या राहतात आणि शेवटी वात मेणात बुडून विझते. तिसरं म्हणजे जांभळा रंग तळाशी बसतो.

पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मध्ये येतो, म्हणजे हाताशी वेळ थोडा आहे. घरातली सगळी मुलं यात मनापासून गुंतली आहेत, त्यामुळे विकतच्या आणण्याचा सल्ला कृपया नको.

साचेकर:

ताई, खड्डा पडणारच. पॅराफिन गोठताना आकसतं. बाहेरची बाजू आधी घट्ट होते आणि आकसण्याची सगळी ओढ मध्यावर येते. उपाय सोपा आहे: सगळं मेण एकदम ओतू नका, थोडं राखून ठेवा. वर साय धरली की विणायच्या सुईने वातीच्या बाजूने दोन-तीन भोकं पाडा, म्हणजे आत पोकळी राहत नाही. मेण बऱ्यापैकी गार झालं की राखलेलं मेण पहिल्यापेक्षा किंचित गरम करून त्यात भरा.

केमिकलच्या दुकानात स्टिअरिक ॲसिड मिळतं, ते किलोला १०० ग्रॅमपर्यंत घाला. मेणबत्ती कडक होते, साच्यातून लवकर सुटते. रंग मात्र दुधाळ येतो, म्हणून जांभळा थोडा जास्त घालावा लागेल.

घरचीवात:

तुमची खरी अडचण वातीची आणि जाडीची आहे असं मला वाटतं. बारीक मेणबत्तीची वात बारीक मेणबत्तीपुरतीच असते. ५ सेंटिमीटर जाडीला तिची ज्योत पुरत नाही, म्हणून मध्ये विहीर होते. जाड विणलेली सुती वात घेतलीत तर फरक पडेल, पण तरी मी जाड मेणबत्ती करू नका असंच म्हणेन.

कारण असं, की जाड मेणबत्ती पहिल्यांदा पेटवली की वरचं मेण कडेपर्यंत वितळेतो ती जळू द्यावी लागते. अंदाज धरायचा तर रुंदीच्या दर अडीच सेंटिमीटरला एक तास, म्हणजे तुमच्या मेणबत्तीला दोन तास. आगमनकाळात आपण संध्याकाळच्या प्रार्थनेला पाव तास लावतो आणि विझवतो. मग वात कितीही चांगली असली तरी विहीर होणारच.

त्यापेक्षा दोन-सव्वादोन सेंटिमीटर जाडीच्या, वीतभर उंच मेणबत्त्या करा. त्यांना तुमच्याकडची वातही चालून जाईल; ज्योत फारच लहान वाटली तर दोन वातींचा पीळ घाला. रोज पाव तास धरला तर पहिली मेणबत्ती साडेपाच ते सात तास जळते, चौथी फार तर पावणेदोन. चक्रावर त्या उतरत्या उंचीच्या दिसतात आणि तशा दिसायलाच हव्यात. किती आठवडे सरले हे मुलांना त्यावरूनच कळतं.

साच्यासाठी इलेक्ट्रिशियन वापरतात तो २५ मिलिमीटरचा पांढरा पाइप कापून घ्या. आतून तेलाचं बोट फिरवा, खालचं तोंड कणकेने घट्ट बंद करा, वात वर काडीला बांधून ताणून धरा. मेण ७० अंशांच्या आसपास असताना ओता, फार गरम ओतलंत तर पाइप नरम पडतो. पूर्ण गार झाल्यावर थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा आणि काठीने ढकला. वात आधी वितळलेल्या मेणात बुडवून सुकवलेली असावी, पेटवताना वरचं टोक अर्धा सेंटिमीटर ठेवा.

वांद्रेवासी:

मेणखडूतली रंगाची पूड मेणात विरघळत नाही. ती तळाशी बसते आणि वातीत अडकून ज्योत मंद करते. खाण्याचा रंगही नको, तो पाण्यात विरघळणारा असतो. तेलात विरघळणारा मेणबत्तीचा रंग मागा. मुंबईत येणं होणार असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलच्या दुकानांत चौकशी करा. छटा पाहायला एक थेंब पांढऱ्या बशीवर गोठू द्या, पातळ मेणात रंग नेहमी गडद दिसतो.

आणि मुलं सोबत आहेत म्हणून आवर्जून लिहितो: मेणाचं भांडं थेट गॅसवर ठेवू नका, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मेण पेटलंच तर गॅस बंद करून झाकण घाला, पाणी अजिबात नाही. उरलेलं मेण मोरीत ओतू नका. सुरूच्या फांद्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पार वाळतात, तेव्हा त्या मधेच बदला आणि मेणबत्त्या वाळू भरलेल्या पितळी ताटात रोवा.

निर्मळकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार! पाव तासाचा हिशोब डोक्यात आलाच नव्हता. बारीकच करतो. पेल्यातल्या मेणबत्त्या वितळवून तेच मेण पुन्हा वापरलं तर चालेल का? आणि दालचिनीचे तुकडे बाहेरून चिकटवावेत असं मुलीच्या मनात आहे.

घरचीवात:

मेण चालेल, पण पातळ असताना जुन्या सुती कापडातून गाळा आणि ते फक्त गुलाबी-जांभळ्यांना वापरा, पांढरीला नवं मेण घ्या. दालचिनी बारीक मेणबत्तीवर नको, ज्योतीच्या फार जवळ येते आणि पेट घेते. ती खाली फांद्यांमध्ये सुतळीने बांधा. तिन्ही जांभळ्या मात्र एकाच भांड्यातून, एकाच वेळी ओता. वेगवेगळ्या दिवशी केल्यात तर छटा जुळणार नाहीत.