जुन्या घरातला तेलाचा बॉयलर: आत्ताच बदलावा की एक हिवाळा थांबावं?

नमस्कार मंडळी. आम्ही घर घेतोय, १९६२ सालचं बांधकाम. घर मनात भरलंय, पण गाडी अडलीय तळघरातल्या बॉयलरपाशी. पट्टीवर साल १९८६, क्षमता ४० किलोवॅट. तेलावर चालतो, बिडाचे अकरा रेडिएटर (गरम पाणी फिरवून खोल्या उबदार ठेवणारे संच) तापवतो. आंघोळीच्या पाण्याला वेगळा गीझर आहे. घराची तपासणी करणारे म्हणाले, "चालतोय, पण भरवसा धरू नका."

मी स्वतः तासभर तिथे उभी राहिले. बर्नर धडधडत पेटतो, चार मिनिटांत विझतो, थोड्या वेळाने पुन्हा पेटतो. झाकणाच्या कडेला काजळीचा बोटभर पट्टा आहे. पाइपांना पांढरट, प्लास्टर लावलेल्या कापडासारखं काहीतरी गुंडाळलंय. कोपऱ्यात ते फाटून खाली भुगा पडलाय.

दोन कंत्राटदार येऊन गेले. पहिला म्हणतो, ४० किलोवॅटचाच नवा बॉयलर बसवू, दोन दिवसांचं काम. दुसरा म्हणतो हीट पंप (बाहेरची उष्णता विजेवर खेचून घरात आणणारं यंत्र) घ्या, पण सगळे रेडिएटर काढून जमिनीखालून पाइप टाकावे लागतील. ताबा सहा आठवड्यांनी, म्हणजे ऐन थंडीत. सासूबाईंना संधिवात आहे, गारठ्यात त्यांची बोटं आखडतात, त्यामुळे प्रयोग करायची हिंमत होत नाही. जुन्या मालकांकडे तेलाच्या पावत्या आहेत, वर्षाला साधारण २००० लिटर. काय करावं?

प्रतिसाद १

ताई, त्या पावत्या जपून ठेवा, सगळा हिशेब त्यांच्यातच आहे. एक लिटर तेलात साधारण १० युनिट ऊर्जा असते. २००० लिटर म्हणजे २०,००० युनिट. जुन्या बॉयलरची पाव ऊर्जा धुराड्यातून गेली असं धरा, तरी घराला वर्षाला लागली १५,००० युनिट. पूर्ण जोराने चालायचे ढोबळ २००० तास धरले तर येतात साडेसात किलोवॅट. कडाक्याच्या दिवसासाठी वर थोडी सोय ठेवली तरी ४० कुठच्या कुठे राहिले! म्हणूनच तो चार-चार मिनिटांत विझतोय.

मी हीच चूक करून बसलोय. माझा बॉयलर भर हिवाळ्यात रात्री बंद पडला, लहान मूल घरात, घाबरून जो पहिला आला त्याच्याकडून होता तेवढ्याच क्षमतेचा नवा बसवून घेतला. कंडेन्सिंग प्रकारचा, म्हणजे धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणारा होता, पण त्याने पाणी ७५ अंशांवर लावून दिलं. तेलाच्या बॉयलरमध्ये रेडिएटरमधून परतणारं पाणी साधारण ४७ अंशांखाली आलं तरच धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि तिची उष्णता हाती लागते. दोन हिवाळे मी जास्तीचे पैसे भरले आणि फायदा काहीच नाही.

तेव्हा आधी एक करा. थंडीच्या दिवशी मालकांच्या परवानगीने बॉयलरचं पाणी ५० ते ५५ अंशांवर आणा आणि दिवसभर खोल्यांचं तापमान लिहून ठेवा. घर उबदार राहिलं तर तेच रेडिएटर हीट पंपावर चालतील, जमीन फोडायची गरज नाही. पंप एका युनिट विजेत सरासरी तीन युनिट उष्णता देतो असं धरलं तर तुमचं काम ५००० युनिटांत होईल. बाहेर गारठा वाढला की हे प्रमाण उतरतं, हेही ध्यानात असू द्या. आणि चाचणी एक-दोन दिवसच करा. जुन्या बॉयलरला कमी तापमान सोसत नाही, आतून गंज धरतो.

प्रतिसाद २

बॉयलरचं नंतर बघा, आधी त्या भुग्याला कोणाला हात लावू देऊ नका! त्या काळच्या पाइपांवर असं वेष्टन बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसचं (फुप्फुसांना घातक असं तंतुमय खनिज) असतं. झाडायचं नाही, घरातला व्हॅक्यूम तर मुळीच फिरवायचा नाही, तंतू हवेत पसरतात. जाणकाराकडून नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या.

काजळी म्हणजे तेल नीट जळत नाहीये. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होऊ शकतो, त्याला ना रंग ना वास. राहायला जाण्याआधी झोपायच्या खोल्यांजवळ या वायूचा इशारा देणारा गजर लावा, सासूबाईंच्या खोलीपाशी सगळ्यात आधी.

आणि तेलाची टाकी कुठे आहे? जमिनीत पुरलेली असेल तर सही करण्याआधी तपासा. गळून माती खराब झाली असेल तर निस्तरणं बॉयलरपेक्षा महाग पडू शकतं.

मूळ प्रश्नकर्ती, अकरा दिवसांनी

दोघांचेही मनापासून आभार. परवा बाहेर उणे ३ होतं, पाणी ५२ वर ठेवलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या खोल्या २० ते २१ वर होत्या, फक्त उत्तरेकडची १७ वर अडकली. तिथला रेडिएटर वरून गरम आणि खालून गार लागतो. नेमकी तीच खोली सासूबाईंसाठी ठरवली होती.

वापरातली टाकी तळघरातच आहे. पण कुंपणाच्या झुडपाखाली जमिनीतून वर आलेलं लोखंडी नळीचं एक बुटकं टोक दिसलं, बूच मारलेलं. खाली जुनी टाकी पुरलेली असावी अशी शंका आली, पण मालकांनाही माहीत नव्हतं. वकिलांना सांगून तिथली जमीन तपासल्याशिवाय सही नाही असं लिहून घेतलंय. भुग्याचा नमुना गेलाय. बॉयलर साफ करून, ज्वलन तपासून घेऊन हा हिवाळा काढायचा आणि पंप उन्हाळ्यात, असं ठरतंय.

प्रतिसाद १

झुडपाखालचं टोक शोधलंत, फार मोठं काम केलंत. खालून गार म्हणजे रेडिएटरच्या तळाशी काळा गाळ बसलाय. तो एकदा धुऊन घ्या, मग पुन्हा मोजा. तरीही १७ च राहिलं तर त्या एकाच खोलीत मोठा रेडिएटर लावा. पंप बसवण्याआधी मात्र अकराही धुवायचे, नाहीतर तोच गाळ नव्या पंपात जाऊन बसेल. आणि सासूबाईंना या हिवाळ्यापुरती दुसरी खोली द्या.